एकाच चुलीवरचं बीपी

"आवळतंय! अगं, हे डबडं माझा दंड आवळतंय!"

रायबा खुर्चीतून ताडकन उठले. दंडावरचा पट्टा ओरबाडून त्यांनी स्टुलावर आपटला. पट्ट्याची नळी बीपीच्या मशीनला जोडलेली असल्यामुळे मशीनही घसरलं. बायकोनं, सोजराबाईंनी, ते वरच्यावर झेललं म्हणून वाचलं. मशीनच्या काचेवर एक इंग्रजी अक्षर उमटलं होतं.

"काय म्हणतंय ते?"

"चुकलं म्हणतंय. परत बांधायचं आन् पाच मिन्टं गप बसायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय न्हवं, बोललं की आकडा खोटा येतो."

"माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, म्या गप बसू? ह्या डबड्यासाठी? आन् चुकलं म्हणतंय कुणाला? मला?"

रायबांनी टोपी डोक्यावर दाबली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते शेताकडे निघून गेले. वळणापर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता. भोंगवलीत निम्म्या लोकांना सकाळचे सात वाजल्याचं त्या आवाजावरूनच कळायचं.

रायबांना राग यायला कारण लागत नसे. ते रायबा मागाहून शोधत, आणि ते सापडतही असे. पण गेल्या वर्षापासूनच्या रागाला मात्र खरंखुरं कारण होतं. तीस वर्षं गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांचे पंच रायबाच होते. गेल्या यात्रेत उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूनं घात केला आणि त्यांनी खाली चितपट पडलेल्या पैलवानाचाच हात धरून वर केला. अख्खा आखाडा हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो त्यांचा चुलतभाऊ हनुमंत. यात्रा कमिटीनं सांगून टाकलं, "आबा, डोळा नीट करून या. न्हाईतर औंदा पंच हनुमंत."

म्हणून रायबा भोरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू काढू, पण बीपी एकशे सहासष्ट आहे. ते असणारच होतं. रायबा एसटीच्या कंडक्टरशी भांडून उतरले होते, स्टँडवर दोन चहा प्यायले होते, गालात तंबाखू होती, आणि पट्टा फुगत असताना ते डॉक्टरीणबाईंना कंडक्टरचीच हकिगत सांगत होते.

बाई शहाण्या होत्या. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात पुष्कळांचं बीपी चढतं. एक आठवडा घरी मोजा, सकाळ-संध्याकाळ. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर. बोलायचं नाही. दोनदा मोजून वहीत लिहायचं. घरचे आकडे ठीक असले की लगेच तारीख देते."

यात्रा दोन महिन्यांवर होती आणि ऑपरेशननंतर महिनाभर डोळा धुळीपासून जपायचा होता. म्हणजे रायबांचा आखाडा आता त्या एका आठवड्याच्या वहीवर अवलंबून होता. पुण्यात धायरीला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं, प्रेरणानं, दुसऱ्याच दिवशी मशीन पोचतं केलं आणि हुकूमही सोडला: सकाळी सात आणि संध्याकाळी सात, आकड्याचा फोटो मोबाईलवर यायलाच पाहिजे.

आणि आता पहिल्याच सकाळी आकडा नव्हता. होता तो फक्त रुसून गेलेला माणूस.

सोजराबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. फोटो गेला नाही तर प्रेरणाचा फोन येणार. फोन आला की ती बापाला बोलणार. बाप तिला बोलणार. दोघांचा स्वभाव एकच. मग दोघंही वेगवेगळे सोजराबाईंवर येऊन कोसळणार. बेचाळीस वर्षांच्या संसारात भांडणाला वळसा घालून जायच्या सगळ्या पायवाटा सोजराबाईंना पाठ झाल्या होत्या. त्या स्वतःच खुर्चीत बसल्या. पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. पाच मिनिटं गप्प बसल्या. त्याची त्यांना बेचाळीस वर्षांची सवय होती.

मशीननं आकडा दाखवला. वर एकशे अठ्ठावन्न, खाली चौऱ्याण्णव.

"ह्यांचंच म्हणायचं," त्या स्वतःशी म्हणाल्या. "एकाच चुलीवरचं खातो, एकाच हिरीचं पाणी पितो. येगळं कशानं असंल?" आणि आकडा वहीत उतरवून त्यांनी फोटो पाठवून दिला.

कोणाला याचा संताप येत असेल तर येऊ द्या, तो यावाच. पण सगळं खापर सोजराबाईंवर फोडू नका. त्या घरात नवस रायबांच्या नावानं बोलला जायचा आणि अनवाणी सोजराबाई चालायच्या. उपास रायबांच्या आयुष्यासाठी असायचा आणि उपाशी पोट सोजराबाईंचं असायचं. त्याचं फळ रायबांना बिनचूक पोचतं, याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती. मग तपासणी रायबांची आणि दंड सोजराबाईंचा, यात त्यांना वावगं ते काय वाटणार? आणि "आई, तुझं किती आहे?" हे विचारायचं त्यांच्या शिकलेल्या मुलीच्याही डोक्यात आलं नाही.

मुलीचा फोन मात्र लगेच आला.

"आई! एकशे अठ्ठावन्न? आबांचं मीठ बंद! आजपासून! लोणचं, पापड, सुकट, सांडगे, काही म्हणजे काही द्यायचं नाही. त्यांना दिसेल असं ठेवूसुद्धा नकोस!"

दुपारी रायबांनी आमटीचा पहिला भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली.

"मीठ कुठाय?"

"प्रेरणानं बंद केलंय."

"प्रेरणा कोण? कलेक्टर? आन् कशापायी?"

"तुमचा आकडा लई आला."

"म्या डबड्याला शिवलो न्हाई तर माझा आकडा आला कुठनं?"

खरं म्हणजे हा प्रश्न लाख मोलाचा होता. रायबांनी एवढा एकच प्रश्न धरून ठेवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चिडलेल्या माणसाला उत्तर नको असतं, फक्त विचारायचं असतं. सोजराबाई "जेवा आता" म्हणाल्या, आणि रायबा प्रश्न सोडून आमटीवर घसरले.

आता घरात लोणच्याची बरणी होती. पापडांचा डबा होता. सारोळ्याच्या बाजारातून आणलेली सुकट होती. रायबांना दिसता कामा नये, म्हणजे संपवायला हवं. टाकून देणं सोजराबाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून, भाकरीबरोबर दोन फोडी, चार पापड आणि मूठभर भाजलेली सुकट असं नवऱ्याच्या तब्येतीसाठी खायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी आकडा एकशे सहासष्टवर गेला.

"मीठ बंद करूनही वाढतंय?" फोनवर प्रेरणाचा आवाज चढला. "म्हणजे आबांना टेन्शन आहे. आई, त्यांच्याशी कोणी वाद घालायचा नाही. मी हनुमंतकाकांना फोन करते."

इथून कहर झाला. हनुमंत आणि रायबा यांच्या शेतामधला बांध हे रायबांच्या आयुष्यातलं एक मोठं सुख होतं. बांध हातभर इकडे का तिकडे, यावर दोघं वीस वर्षं रोज सकाळी भांडत आणि भूक लागल्यावर घरी जात. चौथ्या दिवशी रायबा बाह्या सरसावून बांधावर आले आणि त्यांनी ठरलेली सुरुवात केली.

"हनम्या, तुझा नांगर काल माझ्यात आला हुता!"

"आला आसंल, दादा," हनुमंत हळू आवाजात म्हणाला. "बांध तुमचाच हाय. आणखी हातभर घ्या. पर तुमी बसा बरं सावलीला. पानी आनू का?"

रायबा बघतच राहिले. "काय म्हणलास?"

"तुमचंच खरं म्हणलं. वाद नगं. जीव हाय तर सगळं हाय. आखाड्याचं बी मनाला लावून घेऊ नगा. म्या करतो सगळं. कालपासनं शिट्टीचा सराव बी सुरू केलाय."

रायबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडणाऱ्या माणसाला भांडू न देणं याच्याइतका दुष्टपणा दुसरा नाही. ते गावात गेले तर चावडीवर लोक उठून जागा देऊ लागले. दुकानदारानं तंबाखूची पुडी दिली नाही, वर "आबा, जपा" म्हणाला. हनुमंताची बायको मंगल घरी येऊन सोजराबाईंजवळ बसली आणि रायबांकडे बघून डोळ्याला पदर लावून गेली.

"म्या काय मेलोय का?" रायबा ओरडले. तर सगळं घर "हळू, हळू" म्हणून धावलं. सगळं घर म्हणजे सोजराबाईच, पण त्या सगळीकडून धावल्या.

आणि पाचव्या दिवशी रायबांचा धीर सुटला. चार दिवसांच्या आळणी जेवणानं त्यांच्या जिभेची चवच गेली होती. गोठ्यात म्हशीसाठी मिठाची चाटण वीट टांगलेली होती. गुरांच्या डॉक्टरांनीच सांगितलेली. रायबांनी इकडेतिकडे पाहिलं. म्हैस सोडून कोणी नव्हतं. त्यांनी म्हशीला हातानं बाजूला सारलं आणि विटेला जीभ लावली.

नेमकी त्याच वेळी मंगल ताकाचं भांडं परत द्यायला आली.

"अगं बया! भावजी, हे काय वो!"

दुपारपर्यंत ही बातमी भोंगवलीत घरोघरी झाली होती. कोणी म्हणालं, बीपी मेंदूत गेलं. कोणी म्हणालं, पंच होते बिचारे, काय दिवस आले. सोजराबाईंना नवऱ्याची ही शोभा ऐकवेना. मंगलला उत्तर देऊ का रायबांना विचारू, हे त्यांना कळेना, म्हणून त्या नेहमीप्रमाणे काहीच बोलल्या नाहीत. डोकं मात्र मागून ठणकत होतं. त्या संध्याकाळी आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे चार.

आठवडा भरायची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रेरणा गाडी करून आली आणि आईवडलांना घेऊन भोरला निघाली. वाटेत ती बापाला सात सूचना देत होती, बाप तिला आठ उत्तरं देत होता, आणि मागच्या सीटवर सोजराबाई मांडीवर वही धरून खिडकीबाहेर पाहत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. पानं उलटली. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"हे रोज चढतच गेलंय. असं असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. आधी गोळ्या सुरू करायच्या. ऑपरेशन पुढे जाईल."

"किती पुढं?" रायबांनी विचारलं.

"दोन महिने तरी. मग बघू."

दोन महिने. म्हणजे यात्रा गेली, आखाडा गेला. हनुमंत लाल मातीत शिट्टी वाजवत फिरणार, आणि आपण काठाला धुरकट डोळ्यानं बघत बसणार. रायबांनी तोंड उघडलं. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना इतका राग आला की शब्दच फुटेना. त्यांनी पाठ खुर्चीला घट्ट टेकवली, दोन्ही पाय फरशीवर रोवले, हात टेबलावर ठेवले आणि ओठ मिटून भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं. पाच मिनिटं गेली. रायबा हलले नाहीत.

प्रेरणा डॉक्टरीणबाईंच्या कानाशी वाकली. "मॅडम, आत्ताच मोजा. गप्प आहेत तोवर. असं परत होणार नाही."

पट्टा बांधला गेला. मशीन घरघरलं. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, भुवया उंचावल्या, थोडं थांबून पुन्हा मोजलं. मग दुसरं मशीन मागवून तिसऱ्यांदा मोजलं.

"एकशे बत्तीस, एकशे तीस, एकशे अठ्ठावीस. खाली ऐंशीच्या आसपास. आजोबा, तुमचं बीपी ठीक आहे." त्यांनी वही उचलली. "मग हे आकडे कोणाचे?"

प्रेरणानं वडलांकडे पाहिलं. रायबांनी छताकडे पाहिलं. सोजराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"आकडे ह्यांचेच हायत," त्या म्हणाल्या. "दंड तेवढा माझा हुता."

"म्हणजे?"

"हे बसनात, बाई. मग म्या बसले. एकाच चुलीवरचं खातो, म्हणलं दोघांचं एकच आसंल."

प्रेरणानं कपाळाला हात लावला. रायबांचा कोंडलेला आवाज धडाधड बाहेर पडला. "अगं, तुझ्या आकड्यापायी म्या सा दिस आळणी खाल्लं! म्हशीची वीट चाटली! हनम्यानं मला बांध दिला, बांध! गावानं मला जित्तेपणी...."

"एक मिनिट." डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. त्या रायबांकडे बघतही नव्हत्या. "आजी, तुम्ही इकडे या. बसा."

"मला कशाला? डोळ्यांनी मला चांगलं दिसतंय की."

"बसा."

सोजराबाई बसल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात बरोबर छातीच्या उंचीवर. सहा दिवसांत त्या तरबेज झाल्या होत्या. पाच मिनिटांनी मशीननं आकडा दाखवला: एकशे शहात्तर, खाली एकशे दोन. दुसऱ्यांदाही तेवढाच.

"डोकं दुखतं?"

"दुखतं की. डोकं हाय म्हणल्यावर दुखणारच."

"कधीपासून?"

सोजराबाईंनी आठवून पाहिलं. "प्रेरणा साळंत हुती तवापासनं."

डॉक्टरीणबाईंचा स्वर चढला. "आणि इतक्या वर्षांत यांचं बीपी कोणी एकदाही मोजलं नाही? घरात मशीन येऊनही नाही? आजोबांचं म्हणून सहा दिवस सगळे धावलात, आणि हा आकडा ज्यांचा, त्या लोणचं-पापड संपवत बसल्या होत्या? खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे आत्ता जायचं. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. मीठ आजींचं बंद."

रायबा बायकोकडे वळले. आवाज चढवायची सवय इतकी जुनी की तो चढलाच. "आगं येडे, डोकं दुखतंय तर सांगायचं हुतंस मला!"

"कवा सांगू?" सोजराबाई साधेपणानं म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. खरोखरच विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं होतं. "तुमी गप आसता कवा?"

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःचाच राग आला, आणि तो काढायचा कोणावर, हे काही त्यांना सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर प्रेरणानं आईला पुढच्या सीटवर बसवलं. घरी आल्यावर रायबांनी मिठाचा डबा उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर टाकला, लोणच्याची उरलीसुरली बरणी उचलली आणि स्वतःच्या हातानं मंगलच्या घरी नेऊन दिली. "आमच्यात आता कुणी खात न्हाई," एवढंच म्हणाले. रात्रीच्या आळणी आमटीचा त्यांना भयंकर राग आला. पण तो त्यांनी आमटीसकट गिळला.

आठवड्याभरात ऑपरेशन झालं. आबांचं बीपी ठीक असल्याचं कळताच हनुमंतानं बांध परत मागितला. रायबांना इतका आनंद झाला की डोळ्यावरचा काळा चष्मा सांभाळत त्यांनी त्याला तासभर शिव्या दिल्या. मात्र बांधावरच. घराच्या उंबऱ्याशी आले की ते आवाज खाली ठेवत, कारण घरातलं मशीन आता त्यांच्या ताब्यात होतं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, सोजराबाईंच्या दंडाला पट्टा ते बांधत, समोर पाटावर बसत आणि पाच मिनिटं गप्प राहत. मोजताना कोणी बोललं तर आकडा खोटा येतो, हे आता तेच सगळ्यांना सांगत. वहीत त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात आकडे उतरू लागले. एकशे अडुसष्ट. एकशे साठ. एकशे पन्नास.

यात्रेच्या दिवशी पंच म्हणून रायबाच आखाड्यात उतरले. त्या दिवशी ते सकाळपासून ओरडत होते. पैलवानांवर ओरडले, ढोलवाल्यांवर ओरडले, काठावर बसलेल्या हनुमंतावर तर विनाकारण ओरडले. आणि शेवटच्या कुस्तीत, जिथं दोन पैलवान एकमेकांत असे गुंतले होते की कोणाचा पाय कुठला ते कळेना, तिथं रायबांनी मातीत पालथं पडून, नव्या डोळ्यानं बघून, वरच्याचाच हात वर केला. अख्खा आखाडा उभा राहिला.

घसा पूर्ण बसलेला, टोपीत गुलाल, फेटा बगलेत, अशा थाटात रायबा सात वाजता घरी आले. ओसरीवर पाय ठेवण्याआधीच त्यांनी सुरुवात केली.

"अगं, ऐकलंस का? त्या साताऱ्याच्या पोरानं ढाक डाव मारला, आन् समदे म्हणले दुसरा जितला, हनम्या बी म्हणला, पर म्या...."

सोजराबाई खुर्चीत बसल्या होत्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीला. त्यांनी काही न बोलता पट्टा पुढे केला.

रायबांनी घड्याळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि हकिगत घशातच ठेवली. त्यांनी पट्टा बांधला आणि समोर बसले. ओठ नुसते फुरफुरत होते. पाच मिनिटं गेली. मशीननं सांगितलं, एकशे अडतीस. त्यांनी लिहून घेतलं, पुन्हा बटण दाबलं. एकशे छत्तीस. हेही लिहिलं.

"झालं! आता ऐक. तर त्या पोरानं...."

"आणखी एकदा घ्या."

"डॉक्टरीणबाईंनी दोनदाच सांगितलंय की."

"म्हायतीये." सोजराबाईंनी डोळे मिटले आणि डोकं मागे टेकवलं. "घ्या आणखी एकदा. पर आधी पाच मिन्टं गप बसा."